गुळाचा खडा

बुधा अंबडच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. पाळी सुटली की सुपरवायझर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी आणि म्हणे, "खाऊन टाका, अंगातलं शिसं उतरतं." बाकीचे तिथंच खात. बुधाचा खडा मात्र शिशाच्या धुळीनं काळवंडलेल्या खिशातून घरी जाई, कारण दारात चार वर्षांची लेक हात पसरून उभी असे. दिवाळीनंतर ती चालताना पडू लागली, शिकलेले शब्द विसरू लागली. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. "अरे, तुझ्यापेक्षा पोरीच्या रक्तात शिसं जास्त आहे! पेशी पोखरतंय ते, पेशीतला डीएनएसुद्धा तोडतंय. घरात आलं कुठून?" बुधा पोरीला कडेवर घेऊन घरी निघाला. एकाएकी त्याला गूळ आठवला आणि जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना त्यानं दोन्ही हात पसरले. "साहेब, दोन खडे द्या. पोरीचंबी शिसं उतरवायचंय."