शिट्टीत बुडालेलं वाक्य

सीडी मृदुलाच्या हातात दोन तुकडे होऊन आली. प्लेअरचा खण अडकला होता, तिनं जरा जोर लावला आणि कट्‌कन आवाज झाला.

तो आवाज राधाबाईंना ऐकू गेला नाही. गेली काही वर्षं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखायच्या. आता टीव्हीसमोर खुर्ची ओढून, पदर नीट करून त्या बसल्या होत्या. आज त्यांच्या यजमानांचा, बापूरावांचा वाढदिवस. ते गेल्यापासून दर वाढदिवसाला जेवणं झाली, की त्या सुनेला, मृदुलाला, या सीडीवरचा सिनेमा लावायला सांगत.

बापूराव झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. तरुणपणी मऊरानीपूरकडच्या एका स्टेशनावर हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, तेव्हा बघ्यांमधून उचलून त्यांना डब्यात बसवलं गेलं. सिनेमात ते क्षणभर खिडकीत दिसतात, काहीतरी बोलतात आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची शिट्टी वाजते. "काय बोललात हो?" असं राधाबाईंनी कितीदा तरी विचारलं. बापूराव नुसते हसायचे. चहा मागत असतील, असं मुलगा रोहित म्हणायचा.

मृदुलाला तुकडे ओढणीखाली लपवावेसे वाटले. पण ती सासूसमोर बसली आणि तिनं ते पुढे धरले.

"आई, टूटली. माझ्याच हातून."

राधाबाईंनी तुकडे घेतले. एकमेकांना लावून पाहिले.

"असू दे. जुनीच झाली होती," त्या म्हणाल्या आणि उठून खुर्ची पुन्हा भिंतीकडे सरकवू लागल्या.

ते मृदुलाला बघवेना. तिनं स्कूटीची किल्ली उचलली.

सीपरी बाजारातल्या ज्या दुकानातून बापूरावांनी ती सीडी आणली होती, तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दुकानदार मात्र तोच. घरी सासूबाई वाट बघतायत असं सांगून मृदुलानं सिनेमाचं नाव घेतल्यावर तो हसला.

"दीदी, सीडी तो अब मेरे घर में भी नहीं. ऐप पे देखा?"

"इतनी पुरानी पिक्चर वहाँ कौन रखेगा, भैया? चली भी नहीं थी."

"देख तो लें."

त्यानं स्वतःच्या मोबाइलवर शोधलं. सापडेना. नाव वेगळ्या स्पेलिंगनं टाकलं, तरी नाही. गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याला त्यानं हातानंच थांबवलं. मग नटाच्या नावावरून शोधत शोधत तो थबकला आणि मोबाइल तिच्याकडे फिरवला. तोच सिनेमा होता.

"आपके पास है ये वाला ऐप?"

होता. रोहित त्यावर क्रिकेट बघायचा. मृदुलानं हात जोडले.

"अरे, जाइए, जाइए," तो म्हणाला. "माताजी बैठी होंगी."

नगरा मोहल्ल्यातल्या घरी पोचल्यावर तिनं सासूला काही सांगितलं नाही. त्यांची खुर्ची पुन्हा टीव्हीसमोर आणली, त्यांना हाताला धरून बसवलं आणि सिनेमा सुरू केला.

राधाबाई पुढे वाकल्या. सीडीवर सगळं धुरकट दिसायचं. माणसांचे चेहरे म्हणजे नुसते डाग. इथं फलाटावरच्या मडक्याला लागलेलं पाणीसुद्धा चमकत होतं. कोणी बोललं, की खाली हिंदी अक्षरं उमटत होती.

गाडी आली. फलाटावरून हातात पिशवी घेतलेला एक मुलगा पळत सुटला. आणि खिडकीत बापूराव. बारीक मिशी, तेल लावून मागे वळवलेले केस, गालावरचा देवीचा वण. त्यांचे ओठ हलले. खाली अक्षरं आली: ट्रेन की सीटी.

"थांबव," राधाबाई म्हणाल्या. "मागे घे."

मृदुलानं मागे घेतलं. राधाबाई खुर्ची सोडून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. बापूरावांचे ओठ हलले, तसे त्यांचेही हलले.

"अजून एकदा."

या वेळी पाहून झाल्यावर त्या वळल्या. चेहरा लाल झाला होता, नव्या नवरीसारखा.

"काय म्हणतात बाबा?" मृदुलानं सावकाश, ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

"'राधे, दिसतोय का गं मी?'" राधाबाई म्हणाल्या. "मराठीत बोलले गं, हिंदी सिनेमात! आणि नाव घेऊन. चार माणसांत कधी हाक मारली नाही मला नावानं."

मृदुलानं चित्र थांबवलं होतं, पडद्यावर बापूराव तसेच होते. राधाबाईंनी तोंडाला पदर लावला, मग खाली घेतला.

"दिसताय हो," त्या त्यांना म्हणाल्या. "छान दिसताय."

मृदुलाचे डोळे भरून आले. राधाबाई येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला.

"कोणीतरी बसून हे सगळं पुसून लख्ख केलं असेल ना गं? एकेक चित्र?"

"असेल, आई."

"त्याला काही ठाऊकही नसेल. भलं होवो त्याचं." त्या मृदुलाकडे वळल्या. "आणि तुला हे कोणी शोधून दिलं?"

"सीपरीतल्या दुकानवाल्या भैयानं."

"उद्या डबाभर करंज्या करू. नेऊन दे त्याला."

मृदुलानं मान हलवली. रिमोट उचलून तिनं विचारलं, "परत मागे घेऊ?"

"नको, पुढं जाऊ दे," राधाबाई खुर्चीत रेलून म्हणाल्या. "हे दिसले, की मी सिनेमा बंद करायला लावायची. त्या पळणाऱ्या पोराला गाडी मिळाली की नाही, ते मला अजून ठाऊकच नाही."