डोंगरावरचा उजेड

रोज आठच्या सुमाराला डोंगरावर, झाडांच्याही वर, एक उजेड लुकलुकतो आणि विझतो, अशी खालच्या गावाची तक्रार होती. कुणी ड्रोन म्हणे, कुणी भुताटकी. हवालदार शेलार चौकशीला वर चढले, तेव्हा दिवस मावळला होता.

वर ठकूबाईचं एकटीचं घर. अंगणात उंच वेळू रोवलेला, आणि दोरीने त्याच्या शेंड्याला चढवलेला मोबाइल.

"माज्या फोनला खाली धड रेंज न्हाय गावत, सायेब," ती म्हणाली. "ल्योक बोटीवर खलाशी हाय. चार दिस झालं, रोज आठाला त्याचा फोन येतोय. आला की वर लाइट चमकते. पर मी दोरी सोडून खाली घेईस्तवर बंद पडतो. उलटा लावाया मला कुठं येतंय?"

शेलारांचं पेन थांबलं.

बुडालेल्या खलाशाचा कागद ठाण्यात येऊन चार दिवस झाले होते. त्यावर पत्ता म्हणून फक्त तालुका होता आणि घरच्यांचा एक नंबर. रोज ड्युटी संपताना, आठच्या सुमाराला, शेलार तो लावत. कुणी उचलत नसे.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि तोच नंबर लावला. वर काही चमकू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

वेळूच्या शेंड्यावर उजेड लुकलुकला.

"आला, आला!" ठकूबाई धावत जाऊन दोरीची गाठ सोडू लागली. "आज तरी ठेवू नको रं, बाळा!"

शेलारांनी फोन ठेवला नाही.