जोडीचं चाक

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी जप्त करा!

अमेरिकेत, आयोवातल्या ऑरिनचा गवत कापायचा जुना, छोटा ट्रॅक्टर होता. जुन्या ट्रॅक्टरांच्या जत्रेत दरवर्षी त्याचं हसं व्हायचं, कारण पुढची दोन चाकं बेजोड होती: डाव्या टायरला तीन उभ्या धारा, उजवा गुळगुळीत, आणि त्याची रिम तर भलत्याच घराण्यातली. जोडीचं अस्सल चाक त्याच्या मित्राच्या, लाइलच्या, शेडमध्ये खिळ्याला लटकत होतं. दर शनिवारी ऑरिन तिथं कॉफी प्यायचा आणि उठताना विचारायचा, "देतोस का रे?"

"लंगडू दे तुझी घोडी! पुढच्या शनिवारी बघू," लाइल म्हणायचा.

मार्चमध्ये लाइल गेला. दफन आटोपल्यावर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे सँडविच खात होते. ऑरिनला चव लागेना, रडूही येईना. लाइलची बायको आर्डिस जवळ येऊन म्हणाली, "ते चाक घेऊन जा बाबा आता. मी कितीदा म्हटलं, देऊन टाका एकदाचं. तर म्हणायचे, 'वेडी का तू? चाक दिलं तर तो शनिवारी येईल कशाला?'"

ऑरिननं चाक घरी नेलं, बसवलं, जोडी जमली.



बरं, घ्या माझी कवळी: चाक नेल्याचं तेवढं मी पदरचं घातलं; तो अजून दर शनिवारी त्या शेडमध्ये कॉफी पितो, आणि उठताना खिळ्यावरच्या चाकाकडे बघून विचारतो, "देतोस का रे?"