पेटीतला दिवा

इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने प्रमिलाताईंनी काचेच्या पेटीत पाणी शिंपडलं. ओल बरोबर होती, दिव्याची ऊबही. परदेशी गेलेल्या लेकाचा हा लहानसा अजगर त्या नेमाने सांभाळत, पण हात कधी लावला नव्हता.

लेक फोनवर म्हणायचा, "आई, त्याला माया-बिया कळत नाही हं. ऊब मिळेल तिकडे जातो तो."

तेवढ्यात वीज गेली. ऐन थंडीत पेटी गार पडू लागली.

"ये मेल्या, गारठशील," म्हणत त्यांनी धीर करून त्याला शालीत घेतलं. हळूहळू त्याने मनगटाला विळखा घातला. असा कुणी हात धरून किती वर्षं झाली होती!

वीज आली. पेटीतला दिवा लागला.

प्रमिलाताईंनी मोकळा हात लांबवून बटण बंद केलं.