दुसऱ्या बाजूचा वेळ

दुसऱ्या बाजूचा वेळ सुरू झाला आणि आत्या गप्प बसली.

माइक चालू, लाल दिवा चालू, आणि आवाज म्हणाल तर टाचणी पडल्याचाही नाही. काचेपलीकडे केंद्रप्रमुखांनी आधी भुवया उडवल्या, मग एक हात, मग दोन्ही हात, आणि शेवटी डोक्यावर उरले होते तेवढे केस धरले. आत्याने खुर्ची जरा फिरवून त्यांच्याकडे पाठ केली.

सरकारी रेडिओच्या या निवेदिकेला सगळा जिल्हा आत्या म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे म्हातारेसुद्धा. त्या संध्याकाळी हवेत वादविवाद चालला होता, आणि विषय होता तो रेडिओच. सरकारने त्याला पैसा द्यावा की नाही? उद्या सभागृहात मतदान होतं. पैसा बंद झाला की दाराला कुलूप आणि आत्या घरी.

पैसा बंद करायचा प्रस्ताव मंत्र्यांचा, म्हणून पहिला वेळ मंत्र्यांचा. ते बोलले, आणि झकास बोलले. सरकारचं मीठ खाणारा रेडिओ सरकारबद्दल खरं काय बोलणार, असं त्यांनी विचारलं. या पैशात रस्त्यांवरचे किती खड्डे बुजतील तेही सांगितलं. खड्डे त्यांच्याच खात्याचे होते, एवढं सांगायचं राहून गेलं. शेवटी टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो, ऐकतो कोण हा रेडिओ? आज, आत्ता, या क्षणी बंद केला, तरी काळं कुत्रं विचारणार नाही."

विरोधात बोलायला एक प्राध्यापक येणार होते. दुपारी त्यांचा घसा बसला. त्यांच्या जागी एक वकील बोलावले, तर त्यांचाही बसला. मंत्री गावात आले की तिथल्या विद्वानांच्या घशाला अशी साथ यायचीच. केंद्रप्रमुख म्हणाले होते, जाऊ द्या, उरलेल्या वेळात गाणी लावा. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त वरून कुणी आलं की त्यांचा कणा रजेवर जायचा.

पण रेडिओचे दोन जुने नियम होते. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, हा एक. निवेदकाने स्वतःचं मत हवेत सोडायचं नाही, हा दुसरा. आत्याने सगळी नोकरी दोन्ही पाळले होते. घरी गेल्यावर ती नवऱ्यावर दोन्हींची कसर भरून काढायची, तो भाग वेगळा.

"वेळ माझा नाही, साहेब, आणि तुमचाही नाही," ती म्हणाली होती. "ज्याचा आहे तो आला नाही तर रिकामा जाईल. पण गाण्यांनी भरायचा नाही."

आता तो रिकामा चालला होता.

मंत्र्यांना आधी गंमत वाटली. हाताची घडी घालून ते मिशीत हसले. मग काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तर आत्याने ओठांवर बोट ठेवलं. आणि आजवर सभापतींनाही जे जमलं नव्हतं ते झालं. मंत्री गप्प बसले.

बाहेर काय घडलं ते लोकांनी मागाहून आत्याला सांगितलं, आणि सांगताना लोक हात आखडता घेत नाहीत. न्हाव्याचा वस्तरा मिशीच्या मधोमध थांबला, आणि गिऱ्हाईक उरलेली अर्धी मिशी घेऊन रस्त्यावर धावलं. एका आजोबांना वाटलं, आपलेच कान गेले. खात्री करायला त्यांनी बायकोला जरा बोलायला सांगितलं, आणि त्याचा त्यांना पुढे आठवडाभर पस्तावा झाला. डोंगरापलीकडच्या वस्त्यांत जाहिरातींवर चालणाऱ्या खाजगी रेडिओंचे मनोरे नव्हते, कारण तिथे गिऱ्हाईकच नव्हतं. तिथल्या लोकांनी आपापले रेडिओ थोपटले, हलवले, उलटे केले. समुद्रात निघायच्या होड्या धक्क्याला तशाच बांधून राहिल्या, कारण वाऱ्याची बातमी सांगणारा आवाजच नाहीसा झाला होता.

मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. शेवटचा आवाज कुणाचा ऐकला? मंत्र्यांचा. काय म्हणाले? आत्ता, या क्षणी बंद केला तरी. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही.

तंत्रज्ञाने काचेला एक कागद लावला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फाटकाशी गर्दी आहे, म्हणतात मंत्र्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. मंत्र्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात टेबलावर उपडा ठेवलेला त्यांचा फोन थरथरत कडेला सरकू लागला. पहिला निरोप सचिवाचा. लोकांच्या हातात दगड नाहीत, रेडिओ आहेत, पण तेही चांगले वजनदार दिसतात. दुसरा बायकोचा. इतक्यात घरी येऊ नका.

मंत्र्यांनी आत्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठावरच्याकडे पाहतो तसं. तुम्ही बोला काहीतरी, असं त्यांनी खुणेने विनवलं. आत्याने नकारार्थी मान हलवली. तिला मत नव्हतं. तिने नुसतं माइककडे बोट दाखवलं. वेळ मोकळाच होता, कुणीही यावं.

मंत्र्यांनी दोन्ही हातांनी माइक ओढला.

"लोकहो, रेडिओ चालू आहे. कोण म्हणतं बंद झाला? हा तुमचा रेडिओ आहे, बाजाराचा नाही. जिथे कुणी पोचत नाही तिथे हा पोचतो. माझी आई रोज सकाळी हाच लावते. याचा एक पैसा तोडायला कुणी आलं, तर त्याची आधी माझ्याशी गाठ आहे. उद्या सभागृहात मी तसंच मत देणार. शब्द देतो."

ते घाम पुसत मागे टेकले. आत्याने माइक आपल्याकडे वळवला आणि ज्या आवाजात ती वादळं आणि निधनं सांगायची, त्याच आवाजात सांगितलं,

"वादविवाद इथे संपला. प्रस्तावाच्या बाजूने बोलले, माननीय मंत्री. आणि विरोधात बोलले, माननीय मंत्री."