बांधापलीकडचे भाले

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. आपण एका मातीच्या बांधावर उभे आहोत. बांध इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाला मागे सरकावं लागेल. डाव्या हाताला मिठागर आहे. उथळ चौकोनी वाफे, त्यांत उन्हाने आटत आलेलं पाणी आणि तळाशी पांढरंशुभ्र मीठ. उजव्या हाताला खाडी. भरदुपार आहे, अमावास्येचं उधाण आहे आणि वारा समुद्राकडून येतोय. दिसलं? आता बघा, डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन एक मुलगी धावत येतेय. सारखी काही ना काही वाहून आणते, म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात.

"मुंगे, इकडे! इथे ओत!" बाबा ओरडले.

मुंगीने पाटी उपडी केली. बाबांनी चिखल थापला. पुढच्या लाटेने तो चाटूनपुसून नेला.

"दरवर्षी आपण बांध चढवायचा, आणि दरवर्षी समुद्रानेही चढायचं," पोत्यात माती भरता भरता आई म्हणाली. "शर्यतच लावलीय मेल्याने."

"पण आई, एवढं पाणी येतं कुठून?"

"जगभर धूर सोडतात, त्याने हवा तापते, समुद्र तापतो, कुठेतरी डोंगराएवढा बर्फ वितळतो. आपण जन्मात तो बर्फ पाहिला नाही, आणि पाणी मात्र आपल्या दारात. बोलत बसू नकोस, पळ!"

मुंगी पळाली. वाफ्यांतलं मीठ उद्या ओढायचं होतं. सगळ्या हंगामाची मेहनत त्यात होती. बांध फुटला तर ती तासाभरात विरघळून जाणार होती.

चिखल काढायची जागा शेजारच्या मिठागराला लागून होती. ते मिठागर निवांतकाकांचं. काकांना कशाचीच घाई नसे, म्हणून ते नाव. त्यांच्या बांधापुढे खारफुटीची दाट झाडी होती. तिची पानं उडून वाफ्यांत पडत, कुजत, आणि काकांचं मीठ तांबूस निघे.

"काका, तुमचं मीठ चहात टाकलं तर चहापत्ती वाचेल," असं बाबा त्यांना नेहमी चिडवत.

"अरे, माझं मीठ चहा पिऊनच येतं," काका म्हणत.

बाबांनी आपल्या बांधापुढची झाडी केव्हाच तोडली होती. त्यांच्या मिठाइतकं पांढरं मीठ आसपास कुणाचं नव्हतं. खारफुटीच्या हिरव्या लांबट शेंगा भरतीबरोबर वाहत येत, चिखलात उभ्या रुतत आणि लगेच मूळ धरत. मुलं त्यांना भाले म्हणत. ते भाले उपटायचं काम मुंगीचं. "माझ्या लेकीच्या हातून एक अंकुर सुटायचा नाही," असं बाबा येईल त्याला सांगत, आणि मुंगीची मान ताठ होई.

आज पाटी भरताना तिची नजर काकांच्या बांधाकडे गेली. लाटा झाडीत शिरत होत्या. पलीकडून मात्र नुसतं पाणी बाहेर येत होतं, दमल्यासारखं, हळूहळू. बांधाला ते टेकत होतं, धडकत नव्हतं.

"काका!" तिने हाक मारली. "आमचा बांध चाललाय, येता का?"

काका फावडं घेऊन आले. चक्क धावत आले.

"तुमच्या बांधाकडे कोण बघतंय मग?" तिने विचारलं.

"बघायला कशाला कोण हवंय?" काका म्हणाले. "झाडं आहेत की तिकडे."

ते पोचले तोवर बांध फुटला होता. आईने पोती लोटली, बाबा भगदाडात छातीभर पाण्यात उभे राहिले, काकांनी मागून माती ओढली. भगदाड बुजलं. पण तोवर पुढच्या सगळ्या वाफ्यांत खाडी शिरली होती. मागचे दोनच वाचले.

मग ओहोटी लागली. पाणी असं शहाण्यासारखं मागे गेलं, जणू काही घडलंच नाही.

बाबा बांधावर बसले. कोपरापर्यंत चिखल, त्यातच त्यांनी तोंड पुसलं. काका शेजारी बसले. चिडवायची आज त्यांची पाळी होती, पण त्यांनी नुसती बाबांच्या पाठीवरची ओली माती झटकली. आईने पाण्याची बाटली आधी बाबांपुढे आणि मग काकांपुढे धरली.

भगदाड बुजवलं होतं तिथे, बांधाच्या पायथ्याशी, एक भाला उभा रुतला होता. उधाणाने नुकताच आणून टाकलेला.

"मुंगे, तो काढ..." बाबांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि ते थांबले.

मुंगी खाली उतरली. भाल्यापाशी उकिडवी बसली. हात पुढे केला. मग दोन्ही तळव्यांनी त्याच्या बुडाशी चिखल ओढला आणि घट्ट दाबला.

"पानं पडतील गं मिठात," बाबा हळूच म्हणाले.

"पडू देत. मी वेचत जाईन."

बाबांनी पांढऱ्या राहिलेल्या त्या दोन वाफ्यांकडे पाहिलं. मग रिकामी पाटी उचलून मुंगीच्या हातात दिली.

मुंगीने पाटी पाण्यात बुडवून स्वच्छ धुतली. "काका, तुमच्याकडचे भाले घेऊ?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती झाडीकडे निघाली. वाटेत एका वाफ्यात एक पिवळं पान तरंगत होतं. तिने वाकून ते उचललं आणि पाटीत टाकलं.