तिसऱ्या गाण्यातली झांज

वाजवून वाजवून रॉकची जुनी कॅसेट पार घासली, म्हणून हिरामणने २००४ साली त्याच अल्बमची नवी सीडी घेतली. कॉलेजात असल्यापासून त्यातल्या तिसऱ्या गाण्यावर त्याचा जीव. मध्येच गिटार थांबते आणि ड्रमवाला झांजेला नुसती काडी टेकवतो, तिथे दर वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. नव्या सीडीत नेमकी ती झांजच नव्हती.

दोनदा सीडी बदलून झाली. तिसऱ्यांदा तो लेकीला, आरोहीला घेऊन एम. जी. रोडवरच्या दुकानात गेला.

"काका, उलट नव्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ केलाय," दुकानदार वैतागून म्हणाला.

"स्वच्छ करता करता झांजच पुसून टाकली त्यांनी. लावून बघा."

दुकानदाराने मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. गिटार थांबली.

"बघा, ऐकू येतंय का काही?"

आरोहीने बापाची बाही ओढली. "बाबा, आत्ता वाजली की! किती छान वाजली."

हिरामण तिच्याकडे बघतच राहिला. अठरा वर्षं अंबडच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या दणदणाटात उभं राहून बारीक आवाज ऐकू येणं कधी बंद झालं, ते त्याला कळलंच नव्हतं.

त्याने दुकानदाराला गाणं परत लावायला सांगितलं आणि आरोहीचा हात हातात घेतला.



"आता वाजली की माझा हात दाब."